आग खालून वर गेली

मोहदरा तांडा, ता. औंढा नागनाथ
१४ नोव्हेंबर २०२५

जमना,

वर आधी 'सौ.' लिवलं, मग खोडलं. म्हणून कागद असा दिसून राहिला. हाताला सवय हाय, हाताला कोण सांगणार.

तू फोन उचलीत न्हाईस. तुझ्या भावाच्या, विकासच्या फोनवर लावला तर तो म्हणतो, ताई शेतात गेली, ताई निजली. भाऊ हाय तुझा, तू सांगशील तेच बोलणार. म्हणून कागद धाडून राहिले. फोन कापता येतो. कागद फाडायचा म्हणलं तरी आधी हातात घ्यावा लागतो. सातवीपर्यंत आश्रमशाळेत शिकले, त्याचा आज उपेग झाला. तुला वाचता येत न्हाई हे ठाऊक हाय. निलम वाचंल. निलम, बाळा, मोठ्यानं वाच, आईला ऐकू जाऊ दे. तुझी मोठी आई लिवून राहिली.

इकडं समदं बराबर हाय. हळद चांगली फुगली. तुमची ढवळी शेळी व्याली, दोन पिल्लं झाली, दोन्ही मादी. तुमच्या खोलीला कुलूप तसंच हाय. मी आठ दिवसाला दारापुढं सारवते.

एक सांगते. त्या पाच एप्रिलला वारं लई बेकार व्हतं. तीन दिवस झाले सुटलं व्हतं, आभाळ पांढरं फक्क, सागाची पानं पायाखाली पापडावानी मोडत व्हती. असल्या वाऱ्यात टेकडीला आग कुठून लागली, कशी लागली, कोण सांगणार? पेमाभाऊजीचं आयुष्य तेवढंच लिवलेलं व्हतं. तू मनाला लावून घेऊ नको. तांड्यात लोकं बोलायचं ते बोलतात. मी कोणाला एक शब्द बोलले न्हाई.

साखऱ्याला भावाच्या घरी माणूस किती दिवस राहील? ये.

पारु


१९ जानेवारी २०२६

जमना,

उत्तर आलं न्हाई. तरी पोस्टमनला दोनदा इचारलं.

हळद काढायला आली. यंदा मी मळ्याच्या धुऱ्यावर गेलेच न्हाई. टेकडीच्या अंगाला जो बांध हाय, तो. गवत कमरेइतकं झालं. हे म्हणतात, काहून गं, कापीत का न्हाईस? म्हणलं, सापाचं भ्याव वाटतं. ते हसले. म्हणले, भावसिंगची बायको सापाला भ्यायला कधी लागली?

मला एक इचारायचं हाय. पंचनाम्याच्या दिवशी तुला कोणी काही इचारलंबी नव्हतं. तू भिंतीला टेकून बसली व्हतीस. जंगलखात्याचे गार्ड, शिवहारसायब, पंचांशी बोलून राहिले व्हते की पेमा मोहाच्या झाडाखाली सापडला, झाडाखाली जुनी राख हाय. आन तू एकदम म्हणलीस, "ती राख माझी हाय. फुलं येचाया मी पाला जाळला व्हता. माझ्या राखेत इस्तू राहिला असंल."

काहून बोललीस तसं? तू पाला जाळलास तो पाडव्याच्या आधी. मी तुझ्यासंगं व्हते. तू दोन घागरी पाणी वतलंस, वर माती लोटलीस, हात लावून बघितलास. आन मग शिवहारसायब भोंगा घेऊन आले, पाला जाळू नका म्हणले, तवापासून तू झाडाखाली झाडू मारून फुलं येचलीस. आठ दिवस इस्तू राहतो का, जमना, पाण्याखाली, मातीखाली?

मला वाटतं न्हाई राहत. एवढंच लिवायचं व्हतं.

पारु


२१ फेब्रुवारी २०२६

जमना,

यंदा गार्डसायब लवकर आले. म्हणले, थंडी सरली तसं रान वाळून चाललंय, या साली आधीच सावध व्हावं. मारुतीपुढं बायामाणसं जमवली. तुला ऐकू आलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून त्यांचं बोलणं लिवते.

म्हणले, "ऊन तापलं, वारं सुटलं आन गवत हातात चुरलं की भुकटी झाली, असा दिवस दिसला की त्या दिवशी काडी ओढायची न्हाई. धुरा न्हाई, गव्हाचं काड न्हाई, मोहाचा पाला न्हाई, बिडीचं थोटूकबी न्हाई. वर जायचं तर उजाडता जा, दहाच्या आत खाली या. आन आग लागलीच तर टेकडीवर चढू नका. आग चढाला माणसापेक्षा जोरात पळती. खाली या, बाजूला व्हा, नांगरलेल्या रानात नाहीतर जळून गेलेल्या काळ्या जागेत हुभे राहा. ढोरं-शेळ्या सोडून द्या, त्यांची वाट त्या काढतात. आपलं माणूस दिसंना झालं तर एकट्यानं हुडकायला पळू नका. आधी खालच्यांना इचारा."

शेवटचं बोलताना त्यांनी माझ्याकडं बघितलं न्हाई. पण समद्यांनी बघितलं.

मग म्हणले, "पारुबाई, माझं भोंग्यातलं कोणी मनावर घेत न्हाई. तुमच्या घरातलं माणूस गेलंय. तुमी दोन शब्द बोला."

मी हुभी राहिले. बोलले. काय बोलले ते लिवत न्हाई.

घरी आले आन कागद घेऊन बसले. तुझं काही खुशालीचं कळव. एका ओळीचं कळव. निलमची नववीची परीक्षा कधी हाय?

पारु


४ मार्च २०२६

निलम,

हे पत्र तुझ्या आईचं हाय, पण आधी तू वाच. समदं वाचून व्हईस्तोवर तिला हाक मारू नको. मग तिच्यापुढं बसून पहिल्या शब्दापासून वाचून दाखव. मधला एकबी शब्द गाळू नको.

होळीच्या आधी तुझे मोठे बाबा वसमतच्या बाजाराला हळद घेऊन गेले व्हते. तिथं विकास भेटला. त्यानं सांगितलं की तू सहा महिने झाले आईशी बोलत न्हाईस. एकदा भांडणात तू तिला म्हणलीस, "तूच बाबाला मारलंस." आन ती "व्हय" म्हणली. तवापासून ती कोणाच्या दारी जात न्हाई, लग्नाला न्हाई, बारशाला न्हाई. म्हणती, माझ्या हातानं माणूस मेलं.

हे सांगताना तुझे मोठे बाबा डोळे पुसत व्हते. मी चुलीपुढून उठले आन गोठ्यात जाऊन बसले. काल तांड्यात होळी पेटली, मला बोलावणं आलं, मी गेले न्हाई.

निलम, तुझ्या आईनं बाबाला मारलं न्हाई. आग तिच्या राखेतून लागली न्हाई. आग मी लावली.

आता जमना, तुला सांगते.

त्या दिवशी सकाळी तू मला म्हणली व्हतीस, "बाई, आज वारं हाय, धुऱ्याला हात लावू नका." मी म्हणलं, बरं. हे बाजाराला गेले व्हते. दोन दिवस आधी त्या धुऱ्याच्या गवतात घोणस निघाली व्हती, माझ्या पायापासून हातभरावर. मनात तेच बसलं व्हतं. दरसाल जाळतो, कधी काय झालं न्हाई. साडेबारा झाले असतील. पाण्याची घागर घेतली, लिंबाची डहाळी घेतली आन काडी ओढली.

आधी चांगलं जळलं. हळूहळू, मळ्याच्या अंगाला. मी डहाळीनं मारत मारत पुढं सरकत व्हते. मग वावटळ आली. कुठून आली कळलंच न्हाई. गवताचा पेटता झुबका उचलला आन टेकडीवर फेकला, एक इथं, एक तिथं, एक लई लांब. मी घागर उलटी केली. घागरीत काय असतं, जमना? मी बघते तवर टेकडीचा अर्धा पदर पेटला व्हता. आवाज असा येऊन राहिला जसा खडीचा ट्रक रिता करतात.

तवा भाऊजी तांड्याकडून पळत आला. हातात ओलं पोतं व्हतं. तुला हुडकत व्हता. मला त्यानं इचारलं. माझ्या एका हातात आगपेटी व्हती. ती मी पदरात दाबली आन दुसरा हात वर केला. टेकडीकडं.

तू वर हायेस का न्हाई हे मला ठाऊक नव्हतं. सकाळी तुला टोपली घेऊन जाताना बघितलं व्हतं तेवढंच. तू दहालाच उतरलीस, सायबानं सांगितलं तसं, आन विहिरीवर फुलं धूत व्हतीस. मी मान वळवली असती तर विहीर दिसली असती. तुझी लाल ओढणी दिसली असती. मी मान वळवली न्हाई. मला एवढंच पाहिजे व्हतं की त्यानं माझ्यापुढून जावं, त्याला आगपेटी दिसू नये. म्हणून हात वर केला. तो गेला.

मी नांगरलेल्या रानात जाऊन हुभी राहिले. मी वाचले.

पंचनाम्याला शिवहारसायबांनी मला इचारलं, "पारुबाई, तुमी मळ्यात व्हता. आग खालून वर गेली, का वरून खाली आली?" मी म्हणलं, "वरून आली." तो एकच शब्द. तुला भिंतीला टेकून बसलेली बघत बघत मी तो बोलले. मग तू राखेचं बोललीस आन मी गप बसले. तुझ्या तोंडून निघालं म्हणून मला सुटल्यावानी वाटलं, हेबी लिवते. हे लिवायला मला लई जड गेलं.

आन गेल्या महिन्यात मारुतीपुढं मी काय बोलले ते ऐक. मी म्हणलं, "आमच्या जावेनं मोहाखाली पाला जाळला, त्यात आमचा माणूस गेला. तुमी तसं करू नका." पंचनाम्यातल्या त्या एका शब्दानंतर दहा महिने मी गप राहून खोटी व्हते. त्या दिवशी तोंड उघडून खोटी झाले.

तू सायबाचं समदं ऐकलंस, आन दोष तुझ्यावर आला. मी एकबी ऐकलं न्हाई, आन तांडा मला शहाणी म्हणतो.

निलम, आईचा हात धर. तिच्या हातानं कोणी मेलं न्हाई.

पारु


१३ मार्च २०२६

जमना,

सांगितलं.

आधी यांना सांगितलं. ते दोर वळत बसले व्हते. समदं ऐकलं. मग म्हणले, "माझ्या भावाच्या तिरडीला मी खांदा दिला तवा तू माझ्यामागं हुभी व्हतीस."

मी म्हणलं, "व्हय."

"तवाबी तुला ठाऊक व्हतं."

"व्हय."

ते उठले, घोंगडी घेतली आन मळ्यातल्या खोपीत राहायला गेले. भाकर नेऊन ठिवते. खातात. बोलत न्हाईत.

सोमवारी मारुतीपुढं बायांना बोलावलं. शिवहारसायबांनाबी निरोप धाडला. हुभी राहिले न्हाई, खाली बसून बोलले. आग खालून वर गेली, असं पहिलं वाक्य बोलले. मग बाकीचं. काडीचं, आगपेटीचं, हाताचं. एक म्हातारी उठून माझ्यापुढं थुंकली आन गेली. मग दुसऱ्याबी गेल्या. ज्या बसून राहिल्या त्यांना मी म्हणलं, "तुमीबी दरसाल धुरा जाळता. दर साली काय झालं न्हाई, असंच तुमीबी म्हणता. वारं एकदाच फिरतं."

मग सायब जवळ आले. म्हणले, "मला त्या दिवशीच धुऱ्याचा रंग वेगळा दिसला व्हता. पण घरात मयत झालेल्या बाईला दोनदा कसं इचारावं?" त्यांचाबी जीव त्यात अडकलाय. मी औंढ्याला जाऊन जबाब दिला, अंगठा न्हाई, सही केली. केस व्हईल म्हणतात. तारीख पडंल तवा जाईन. जबाबात तुझं नाव आता कुठं न्हाई. ते मी दोनदा वाचून घेतलं.

माफी मागत न्हाई. मागायचं तोंड न्हाई. तू इकडं येणार असशील तर ये, नसशील तर नको. पण भाऊजीचं वर्षश्राद्ध त्याच्या घरात व्हावं, असं मला वाटतं. तिथीनं सव्वीस मार्चला येतं.

पारु


साखरा, ता. सेनगाव
१८ मार्च २०२६

पारुबाई यांस,

तुमचे चार तारखेचे पत्र मी आधी एकटीने वाचले. मग दोन दिवस आईला दाखवले नाही, कारण मला आधी तिच्याशी बोलायचे होते आणि कसे बोलायचे ते कळत नव्हते. तिसऱ्या दिवशी वाचून दाखवले. एकही शब्द गाळला नाही. काल दुसरे पत्र आले, तेही वाचले.

आई रडली नाही. तिने मला विहिरीचा भाग पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाली, "म्हणजे मी विझवली होती." एवढेच म्हणाली. मग परत म्हणाली.

मी तिला काय बोलले होते ते तुम्हाला माहीत आहे. ते मी तुमच्यामुळे बोलले. पण बोलले मीच. त्याचे काय करायचे ते मला समजत नाही.

आम्ही सव्वीस तारखेला येऊ. विकासमामा सोबत असेल. आई म्हणते, तुमची सजा ठरवायला तिच्या अंगात ताकद नाही. म्हणून मी सांगते. त्या दिवशी तुम्ही घरात नसावे. आईच्या नजरेला पडू नये.

निलम पेमा राठोड


मोहदरा तांडा
२७ मार्च २०२६

जमना,

निलमनं सांगितलं तसं मी केलं. उजाडता घर सारवलं, तुमच्या खोलीचं कुलूप काढून ठिवलं, लापशीसाठी गूळ किसून ठिवला आन तुमची गाडी यायच्या आधी टेकडी चढले. शिवहारसायब आठ दिवस झाले माणसं नेमून राहिलेत, दुपारी वर बसून चारी अंगाला नजर ठिवायची, धूर दिसला की खाली फोन करायचा. काल कोणी जायाला तयार नव्हतं. ऊन बेचाळीसवर गेलं व्हतं आन वारं तसंच व्हतं, गेल्या सालावानी. मी म्हणलं, मी जाते. सायबांनी पाण्याच्या दोन बाटल्या दिल्या, म्हणले, "जाळलेल्या पट्ट्यावरच बसा. तिथून हलू नका." त्यांनी फेब्रुवारीतच गारव्यात तो पट्टा माणसं लावून जाळून ठिवलाय. काळी जमीन हाय, तिथं आगीला खायला काही न्हाई.

वरून समदं दिसत व्हतं. तुमी उतरल्या. तू पांढऱ्या लुगड्यात. हे पुढं आले, तुझ्यापुढं हात जोडून हुभे राहिले. तू त्यांच्या पाया पडलीस. मग माणसांच्या गर्दीत मला तू दिसंनाशी झालीस.

बारा वाजून गेले असतील. पाऊलवाटेनं कोणी तरी चढून राहिलं. निलम व्हती. किती उंच झालीय. मी वरडले, "माघारी फिर! या वाऱ्यात वर यायचं न्हाई."

"दोन मिन्टं," म्हणली. पट्ट्याच्या कडेला येऊन हुभी राहिली. माझ्याजवळ आली न्हाई.

"काळ्यावर ये," म्हणलं. "तिथं गवतात हुभी राहू नको."

आली. दम खात व्हती. मग म्हणली, "तुमी लिवलं की बाबांनी तुमाला इचारलं. काय इचारलं ते लिवलं न्हाई."

"तुझ्या आईला हुडकत व्हता."

"काय शब्द व्हते? त्यांचे शब्द सांगा."

मी सांगितलं. तो पळत आला, पोतं हातात, डोळे आगीकडं, आन म्हणला, "वैनी, माझी जमना कुठं हाय?"

निलम म्हणली, "माझी म्हणले?"

"व्हय."

"तुमच्यापुढं?"

"माझ्यापुढं."

तुला तर ठाऊक हाय. आपल्यात थोरल्या भावजयीपुढं बायकोचं नाव कोण घेतंय? सोळा वरसं एका अंगणात राहिलो, त्यानं माझ्यादेखत तुला 'निलमची आई' म्हणून हाक मारली, न्हाईतर नुसतं 'अगं'. त्या दिवशी त्याला वैनी दिसली न्हाई, लाज दिसली न्हाई.

निलम म्हणली, "आईला हे ठाऊक न्हाई."

"न्हाई. मी कोणालाच सांगितलं न्हाई."

"पत्रात काहून लिवलं न्हाई?"

मी पाण्याची बाटली तिच्यापुढं केली. उत्तर आता देते. काडीचं लिवलं, हाताचं लिवलं, खोट्या जबाबाचं लिवलं. ते माझं पाप व्हतं, लिवताना अंगावरचं वझं उतरत व्हतं. हे दोन शब्द मातर तुझे व्हते. ते लिवले असते तर मी कोणाचं काय नेलं, ते मलाच वाचावं लागलं असतं. म्हणून ठिवून घेतले. चोरानं शेवटचा दागिना ठिवून घ्यावा तसे.

निलम वळली आन उतरायला लागली. मी म्हणलं, "पळू नको, पाल्यावरनं पाय घसरतो." तरी ती पळालीच.

अंगणात तू बायांमधी हुभी व्हतीस. निलमनं तुला बाजूला घेतलं. तिनं तुझ्या कानाशी तोंड नेलं. तू तिच्याकडं बघितलंस, मग तिनं परत सांगितलं असंल, कारण 'माझी' म्हणताना जातो तसा निलमचा हात स्वतःच्या छातीवर गेला. आन तू तिथंच खाली बसलीस, भर उन्हात. रडणं एवढ्या लांबून ऐकू येत न्हाई. निलम तुझ्याजवळ बसली. बाया सावलीला बोलवत व्हत्या, तुमी दोघी उठल्या न्हाई.

मी चार वाजेस्तोवर वरच व्हते. काल कुठं धूर झाला न्हाई.

पारु